वारा तोच होता, पाणी फिरलं होतं

हे प्रकरण ज्याचं आहे त्याने लिहायला होकार दिला तो एका अटीवर: नाव नको. किनाऱ्याचंही नको. ते मान्य करायला काहीच जड गेलं नाही. लांबलचक वाळू, एका टोकाला नदीचं मुख आणि दुसऱ्या टोकाला समुद्रात घुसलेले खडक, असे किनारे कुठल्याही देशात सापडतात आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी काइटसर्फिंगचे काइट उडतात: दोऱ्यांनी कमरेला जोडलेला मोठा पतंग ओढतो आणि पायांखालच्या बोर्डवर उभा माणूस पाण्यावरून धावतो.

त्याला इथे नुसतं ‘मित्र’ म्हणतो. चार हंगामांचा अनुभव, वजन ८० किलो. वाऱ्यावर चढणं (वारा येतो त्या दिशेला सरकत जाणं), बेतशीर उड्या, पाण्यात पडलेला काइट पुन्हा उठवणं, सगळं येत होतं. तो नवखा असता तर ‘शिकेल हळूहळू’ म्हणून मी विषय सोडून दिला असता. तो नवखा नव्हता आणि त्या दिवशी आम्ही तिघांपैकी, तो, मी आणि आमची एक जोडीदार, कोणीही बेफिकीर नव्हतं. म्हणून तर हे लिहावंसं वाटलं.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला नदीचं मुख. वारा उजवीकडूनच येत होता, किंचित समुद्राच्या अंगाने, म्हणजे किनाऱ्याला तिरपा आणि आत ढकलणारा. शिकवणाऱ्यांची ही सगळ्यांत लाडकी दिशा. काही बिघडलं तरी असा वारा उशिरा का होईना, वाळूवर आणून सोडतो. डावीकडे, मुखापासून अडीच किलोमीटरवर खडक. वारा तिकडेच वाहणार, म्हणून आमचं सगळं लक्ष खडकांवर. त्यांच्यापासून लांब राहायचं तर उजवीकडे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, जेवढं जाल तेवढं चांगलं. पहिल्या आठवड्यात शिकवतात तो हा धडा, आणि तो बरोबरच आहे. फक्त नदीचं मुख त्या ‘चांगल्या’ बाजूला होतं.

दिवस पौर्णिमेनंतरचा दुसरा, म्हणजे ऐन उधाणाचा. भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या वर. तक्त्यात भरती पूर्ण होण्याची वेळ दुपारी ४:१०. अडीचच्या सुमाराला वारामापक उंच धरून पाहिला, १४ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर). काइट निवडण्याचा एक ढोबळ हिशेब आहे: वजन किलोमध्ये घ्या, २.२ ने गुणा आणि वाऱ्याच्या नॉटने भागा. ८० किलोला १४ नॉटमध्ये १२.६ येतात, म्हणून त्याने १२ चौरस मीटरचा काइट फुगवला. चूक काढायला जागा नाही.

पाण्यात उतरल्यावर तो खुशीत होता. काइटला अंदाजापेक्षा जास्त ताकद होती आणि वाऱ्यावर चढायला कष्टच पडत नव्हते. दोन फेऱ्यांत आम्ही निघालो त्या जागेच्या कितीतरी वर. ‘आज फॉर्मात आहे,’ असं तो पाण्यातूनच ओरडल्याचं मला आठवतं. मलाही तसंच वाटत होतं, माझ्याबद्दल.

फॉर्म बिर्म काही नव्हतं. भरतीचं पाणी किनाऱ्याला समांतर, उजवीकडे, नदीच्या मुखाकडे ओढत होतं. वारा डावीकडे आणि पाणी उजवीकडे. वारा नसलेल्या दिवशी सायकल चालवली तरी तोंडावर वारा लागतो. तसंच वाऱ्याविरुद्ध वाहणाऱ्या पाण्यावर माणूस आयता वाऱ्यावर नेला जातो आणि काइटला लागणारा वारा वाढतो. त्या वेळी पाण्याला साधारण २ नॉटची ओढ असावी. म्हणजे किनाऱ्यावर १४ नॉट दाखवणारा वारा काइटला जवळपास १६ नॉट लागत होता. वारामापक वाळूवर उभा असतो आणि काइटचा माणूस पाण्यावर. दोघांचे आकडे फक्त थांबलेल्या पाण्यात जुळतात. आमच्या लेखी तोवर वारा म्हणजे वारामापकातला आकडा.

दोन नॉटचा फरक तो काय, असं वाटेल. काइटची ताकद वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १४ चे १६ झाले की ताकद तीस टक्क्यांनी वाढते. आणि जे फुकट मिळतं ते फुकट काढूनही घेतलं जातं.

चार वाजून गेल्यावर आम्ही थांबून बोललो होतो. उधाणाची ओहोटी नदीच्या मुखाशी जोरात निघणार हे तिघांनाही माहीत होतं. मग तरी पाण्यात का राहिलो? कारण आमच्याकडे एक नियम होता आणि तो आम्ही चुकीच्या गोष्टीला लावला.

भरती-ओहोटीचा बाराव्या हिश्शाचा नियम बऱ्याच जणांना पाठ असतो. सहा तासांत पाण्याची पातळी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या हिश्शांनी बदलते. म्हणजे भरतीनंतरच्या पहिल्या तासात पाणी जेमतेम एक हिस्सा उतरतं. आम्ही यावरून निष्कर्ष काढला की पहिला तास-सव्वा तास शांत असतो, साडेपाचला बाहेर पडू. पण हा नियम पातळीचा आहे, प्रवाहाचा नाही. प्रवाहाचा ढोबळ हिशेब वेगळा आहे: पाणी थांबल्यानंतर एका तासात प्रवाह त्याच्या कमाल वेगाच्या ५० टक्के गाठतो, दोन तासांत ९० आणि तिसऱ्या तासाला पूर्ण. पातळी एक हिस्साही धड उतरलेली नसते तोवर प्रवाह निम्म्यावर गेलेला असतो. वाळूवरची ओली रेघ पाहून ‘अजून कुठे ओहोटी लागलीये’ असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. तो भलत्या ठिकाणी बघत असतो. शिवाय पातळी चढायची थांबते आणि प्रवाह थांबतो ते एकाच मिनिटाला, असंही नाही. मुखाशी हे अंतर बरंच असू शकतं, कधी पुढे, कधी मागे. तक्त्यातलं ४:१० हे पातळीचं होतं.

आता ५:२०. वारा उतरणीला लागून १३ वर आला होता. संध्याकाळी समुद्रवारा असा पडतोच. मी काइट उतरवून दोऱ्या गुंडाळत होतो, तिसरी जोडीदार अजून पाण्यात होती. मित्र मुखासमोर. तिथे वाळूच्या उंचवट्यावर बाहेर पडणारं नदीचं पाणी आणि आत येणाऱ्या लाटा समोरासमोर भिडत होत्या, आणि लाटा आखूड, उंच, कड्यासारख्या उभ्या राहत होत्या. वाचणाऱ्याला ही धोक्याची खूण वाटेल. काइटवाल्याला ती उडीची फळी वाटते. खरं सांगायचं तर मलाही वाटली होती.

त्या पट्ट्यात ताकदही भरपूर होती आणि त्यालाही कारण होतं. नदीचा झोत समुद्राकडे जात होता आणि वाऱ्याचा एक अंश किनाऱ्याकडे येत होता, म्हणजे पुन्हा पाणी वाऱ्याच्या काहीसं विरुद्ध. काइटला तिथे १४ च्या आसपास लागत असणार. पण झोताची कड ओलांडून डावीकडे आलं की पाणी फिरलेलं होतं. जे पाणी दुपारी उजवीकडे ओढत होतं तेच आता डावीकडे, वाऱ्याच्या पाठीवर हात ठेवून चाललं होतं. तिथे काइटला लागणारा वारा ११ नॉटही नव्हता. दोन पट्ट्यांमधलं अंतर वीस-तीस मीटरचं. वर फेसाची एक रेघ. दुपारच्या १६ नॉटशी तुलना केली तर तोच माणूस, तोच काइट आणि ताकद निम्म्याहून कमी. त्याच ढोबळ सूत्राने ११ नॉटला त्याला १६ चौरस मीटरचा काइट लागला असता.

त्याने उडी झोतात मारली आणि उतरला रेघेच्या पलीकडे. काइट डोक्यावर होता, दोऱ्या सैल पडल्या, आणि काइट पान गळावं तसा मागे पडला. वेगात असताना माणूस स्वतःच्या वेगातून थोडा वारा कमावत असतो, म्हणून अशक्त वारा झाकला जातो. थांबलं की उघडं पडतं.

इथून पुढची ३७ मिनिटं त्याच्या मनगटावरच्या घड्याळात नोंदली गेली आहेत. जीपीएसची ती रेघ आम्ही नंतर दहा वेळा तरी पाहिली असेल.

पहिली सहा मिनिटं त्याने काइट उठवण्यात घालवली. कडेची दोरी ओढायची, काइट वळतो, अर्धा उठतो, लाट येते, पुन्हा झोपतो. असं पाच वेळा. त्याच्या डोक्यात होतं की नेहमी तर उठतो. नेहमी उठतो, कारण नेहमी १४ नॉट असतात. त्या सहा मिनिटांत तो ४५० मीटर वाहून गेला. एक नॉट म्हणजे मिनिटाला साधारण ३१ मीटर. हा आकडा ज्याने डोक्यात ठेवला त्याला पाण्यात ‘अजून एकदा बघतो’ या वाक्याची किंमत मीटरमध्ये कळते. (त्या वाहण्यातला काही भाग वाऱ्याने ओढलेल्या काइटचा होता, सगळा प्रवाहाचा नाही. पण खडकांना त्याने फरक पडत नाही.)

बोर्ड त्याने सोडून दिला. मला हा त्या दिवसाचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो, कारण तो सर्वांत कठीण असतो. बोर्ड दहा-पंधरा मीटरवर दिसत असतो आणि त्याच्यामागे पोहणं अगदी साधं वाटतं. पोहून प्रवाहावर मात करायची म्हटलं तर एक तुलना सांगतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलचा विश्वविक्रम ४६.४० सेकंदांचा झाला. तो वेग भरतो ४.२ नॉट. जगातल्या सगळ्यांत वेगवान माणसाचा, तलावात, पाऊण मिनिटापुरता. हार्नेस (काइट जोडायचा कमरेचा पट्टा) बांधलेल्या दमलेल्या माणसाने अडीच नॉटच्या पाण्याशी भांडण्यात अर्थ नव्हता.

५:२६ ला त्याने क्विक रिलीज, म्हणजे काइटची ताकद एका झटक्यात सोडून देणारी कळ, ढकलला. या यंत्रणेबद्दल एक गोष्ट लक्षात येते. काइटसर्फिंगमधली सुरक्षा बहुतांशी ‘ताकद जास्त झाली तर’ या भीतीतून घडत गेली आहे. २००५ च्या आसपास आलेल्या बो काइटमुळे बार, म्हणजे दोऱ्या जोडलेला हातातला दांडा, ढकलून जवळजवळ सगळी ताकद सोडता येऊ लागली. रिलीजच्या यंत्रणेसाठी २०२० मध्ये आयएसओ २१८५३ हे मानकही आलं. प्रशिक्षणातही भर त्याच्यावरच. आमचं प्रकरण उलटं होतं. ताकद कमी पडली होती. कमी वाऱ्याची भीती कोणाला वाटत नाही, कारण वाळूवर कमी वारा म्हणजे फक्त कंटाळा.

रिलीज केल्यावर काइट एकाच दोरीवर लीशला (माणसाला काइटशी बांधून ठेवणाऱ्या सुरक्षा-दोराला) लटकतो आणि निर्जीव होतो. मग त्या एका दोरीपासूनच सुरुवात करायची. ती बारवर आधी गुंडाळायची, काइटच्या रुंदीएवढी तरी, आणि अडकवून टाकायची, मगच बाकीच्या. सगळ्या दोऱ्या सारख्या गुंडाळल्या तर काइट मध्येच जागा होऊन ताणू शकतो. दोरी हाताला वेढायची नाही, कधीही. हे वाचायला तीन ओळी लागतात. लाटांत, सैल दोऱ्या पायांभोवती फिरत असताना, त्याला बारा मिनिटं लागली. त्याने हा सराव शेवटचा केला होता तो शिकताना, कमरेएवढ्या शांत पाण्यात. दोर कापायची आकडी सुरी हार्नेसला होती. वापरावी लागली नाही, पण हात दोनदा तिच्याकडे गेला असं त्याने सांगितलं. या बारा मिनिटांत आणखी ८०० मीटर.

मी मान वर केली ती याच दरम्यान. आकाशात एकच काइट. पहिला विचार आला तो स्वतःचा काइट पुन्हा उडवून त्याच्याकडे जाण्याचा. तो विचार मी अर्धा मिनिट केला आणि सोडला, आणि आजही मला त्या अर्ध्या मिनिटाची लाज वाटते. माझाही काइट १२ चाच होता. मला तिथे वेगळा वारा कोण देणार होतं? फसलेल्याच्या शेजारी आणखी एक फसलेला, एवढंच झालं असतं. बचाव केंद्राला फोन लावला. त्यांनी विचारलेले प्रश्न इथे लिहून ठेवतो, कारण मला अर्ध्यांची उत्तरं नीट देता आली नाहीत: शेवटचा कुठे दिसला, किती वाजता, कोणत्या बाजूला वाहतोय, काइटचा रंग, कपड्यांचा रंग, अंगात तरंगणारं जाकीट आहे का, हात हलवतोय का. काइटचा रंग मला सांगता आला. त्याच्या कपड्यांचा नाही. सकाळपासून सोबत होतो तरी.

आणि एक सूचना: नजर काढू नका. म्हणून मी वाळूवरून डावीकडे चालत राहिलो, एक हात त्याच्या दिशेने ताणून. लाटांमध्ये माणसाचं डोकं हा फार लहान ठिपका असतो आणि एकदा हरवला की पुन्हा सापडत नाही. तिसरी जोडीदार किनाऱ्याच्या बाजूने, वाऱ्याच्या जोरावर, त्याच्या आसपास ये-जा करत राहिली. तिचा काइट ९० किलोच्या माणसासाठी घेतलेला, तिच्यासाठी मोठाच, म्हणून तिला ताकद पुरत होती. तिने त्याला ओढायचा प्रयत्न केला नाही. तिचा उडता काइट लांबून दिसणारी खूण होता, आणि ते काम ओढण्यापेक्षा मोठं होतं.

५:३८ ला तो काइटपाशी पोहोचला. फुगवलेल्या कडेचा काइट म्हणजे तराफा. ब्रुनो आणि दोमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी १९८४ मध्ये अशा काइटचं पेटंट घेतलं ते पाण्यातून तो पुन्हा उठावा म्हणून; त्या दिवशी तो उठला नाही, पण तरंगला. एका टोकावर पोट टेकवून आडवं व्हायचं आणि दुसऱ्या टोकाची दोरी आपल्याकडे ओढून धरायची, की काइट शिडासारखा वाकतो आणि वारा भरतो. मित्र तेव्हा वाळूपासून सहाशे मीटर आत होता, खडक साडेबाराशे मीटरवर. तिरपा वारा आता कामाला आला. नाक किनाऱ्याकडे ठेवून, शिडाचा कोन बदलत, तो एकोणीस मिनिटांत आत सरकला. उथळ पाण्यात प्रवाहही मंदावला. ५:५७ ला त्याचे पाय वाळूला लागले, खडकांच्या पाचशे मीटर अलीकडे.

काइट उठवण्यात गेलेली ती सहा मिनिटं आम्ही नकाशावर पुढे सरकवून पाहिली. आणखी एकदा तेवढाच वेळ त्याने हट्ट केला असता तर पाय लागले असते ते खडकांच्या अगदी तोंडाशी. काइट दोनदा उठवून बघायचा, तिसऱ्यांदा नाही, हे आम्ही तिथेच ठरवलं.

मी धावत पोहोचलो तेव्हा तो गुडघाभर पाण्यात काइट धरून उभा होता. ‘बार तू घे,’ म्हणाला, ‘बोटं उघडत नाहीयेत.’ मग एवढंच: ‘मी तर वरच होतो रे. एवढा वर होतो.’

बचाव केंद्राला लगेच कळवलं, बोट अर्ध्या वाटेवरून परतली. बोर्ड समुद्रात राहिला आहे हेही सांगितलं. तो कुणाला तरंगताना सापडला असता तर माणूस शोधायला पुन्हा बोट निघाली असती. बोर्ड मिळाला नाही.

दोष कुणाचा, यावर आमच्यात थोडं वाजलं. जोडीदाराचं म्हणणं, मुखासमोर जायलाच नको होतं, विषय संपला. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. दुपारी तीनला मुखासमोर जाणं ठीक होतं. पाच वाजता तीच जागा दुसरी होती. नकाशावर लाल रंगाने भाग रंगवून चालत नाही, त्यावर वेळही लिहावी लागते. आणि ‘आज वाऱ्यावर चढणं फार सोपं जातंय’ असं वाटलं की आता मी आधी पाण्याकडे बघतो. नांगरलेला तरंगता बोया कुठे कलला आहे, फेस कुठल्या बाजूला सरकतोय, आपण न हलता किनाऱ्यावरची खूण मागे जाते का. काइटमध्ये ताकद आहे ती वाऱ्याची की पाण्याची उसनी, हे तेवढ्यावरून कळतं.

मोजायचं तर त्याहून सोपं आहे. अर्धी भरलेली बाटली वर दोरा बांधून पाण्यात सोडायची, म्हणजे वारा तिला फारसा ढकलत नाही आणि बाटली परतही येते. दोऱ्यावर ३० मीटरची गाठ. एका मिनिटात गाठ हाताला आली तर एक नॉट, अर्ध्या मिनिटात आली तर दोन. उथळ पाण्यात ओढ कमीच भरते, म्हणून आत त्याहून जास्त धरून चालायचं.

पुढच्या उधाणाला आम्ही पुन्हा तिथेच गेलो. भरतीच्या वेळी गाठ ४० सेकंदांत आली, तेव्हा मित्राने काइट फुगवला आणि दीड तास मनसोक्त खेळला. पाणी थांबलं तशी त्याने उतरवण्याची खूण केली, डोक्यावर हात थोपटून. मी काइट धरला. वारा अजून १५ नॉट होता, मुखासमोर लाटा हळूहळू उभ्या राहायला लागल्या होत्या, आणि आम्ही दोऱ्या गुंडाळत त्यांच्याकडे बघत होतो. पंचवीस मिनिटांनी त्याने बाटली पुन्हा सोडली. ती उलट्या दिशेने निघाली.